नोकरीत ऐकलं नाही, बाहेरून सांगितलं तर ऐकतील?

पत्र थोडक्यात असं: वाचक बडोद्याच्या आहेत, वय ३९, एमएचआरएम, म्हणजे एचआरमधली मास्टर्स, इथल्याच युनिव्हर्सिटीतून केलेली, एचआरमध्ये एकूण चौदा वर्षं. सध्या मकरपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत एचआर मॅनेजर, तिथे सव्वाचार वर्षं झाली. दोन वर्षं खपून त्यांनी सक्सेशन प्लॅन बनवला, म्हणजे कोण कधी रिटायर होणार, त्या जागी कोण, त्याला आत्तापासून काय शिकवायचं. शेठनी मीटिंगमध्ये तोंडभरून कौतुक केलं आणि पुढच्याच महिन्यात प्लान्ट हेडच्या खुर्चीत पुतण्याला बसवलं. आता त्यांना नोकरी सोडून टॅलेंट मॅनेजमेंट आणि ओडी, म्हणजे ऑर्गनायझेशन डेव्हलपमेंट (संस्थेतल्या माणसांची एकत्र काम करायची पद्धत बदलणं), यातली कन्सल्टन्सी करायची आहे. समोर तीन वाटा आहेत: पुण्यात जुन्या बॉसच्या फर्ममध्ये असोसिएट म्हणून महिन्याला दहा-बारा दिवसांचं काम, बडोद्यात स्वतःचं काहीतरी, किंवा आधी अडीच लाखांचं एक ऑनलाइन सर्टिफिकेशन. नवरा म्हणतो तू ठरव, सासरे म्हणतात पक्की नोकरी सोडायची नसते. शेवटची ओळ: "बडोद्यात ओडी कोणाला हवंय ताई, इथे एचआर म्हणजे हजेरी, कॅन्टीन आणि दिवाळीचा मिठाईचा बॉक्स."

अगं, त्या मिठाईच्या बॉक्सवर मी आधी मनापासून हसले, कारण माझ्या पहिल्या नोकरीत दिवाळीआधीचे पंधरा दिवस मी फक्त काजूकतली पाव किलो की अर्धा किलो यावर युनियनशी घासाघीस करत होते, आणि खरं सांगू, वाटाघाटी मी तिथेच शिकले. अगं-तुगं करतेय, चालवून घे.

पत्र तीनदा वाचलं. चार पानं आहेत, त्यातली अडीच पानं शेठ, पुतण्या आणि ती मीटिंग. कन्सल्टन्सीवर किती? मोजल्या, सात ओळी. त्या सात ओळींतही "निदान बाहेरून सांगितलं तर ऐकतील" हे दोनदा आलंय. म्हणून पुणे की बडोदा की कोर्स याकडे मी जरा उशिराच येणार आहे, आधी हे 'ऐकतील' प्रकरण बघू.

पिकतं तिथे विकत नाही, हे आपल्या लाइनमध्ये आतल्या प्रत्येकाला वाटत असतं, मलाही वाटायचं. थोडं खरंही आहे. पहिल्या दिवशी कन्सल्टन्टला एसी केबिनमध्ये बसवतात, चहा ग्लासातून न येता कपबशीतून येतो, शेठ स्वतः गाडीपर्यंत सोडायला येतात. पण कपबशी म्हणजे ऐकणं नव्हे. नोकरीत तुझा प्लॅन बाजूला ठेवला तरी एक तारखेला पगार झाला, कन्सल्टन्टचा रिपोर्ट ड्रॉवरमध्ये गेला की बहुतेक वेळा त्याच्या मागोमाग बिलही जातं. आणि समजा ऐकलंच, अगदी पूर्ण ऐकलं, तर काय होतं तेही सांगते, कारण माझं एकदा ऐकलं होतं.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट, वाघोडियाकडची एक फॅक्टरी, नाव नको. मी तिथे नाइन बॉक्स केला. तुला माहीतच आहे, बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते, नऊ खान्यांचा तक्ता असतो, एका बाजूला आजचं काम, दुसऱ्या बाजूला उद्याची कुवत, आणि प्रत्येक माणसाला कुठल्यातरी एका खान्यात बसवायचं. गंमत म्हणजे ही नऊ खान्यांची चौकट १९७० च्या दशकात मॅकिन्झीने अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकसाठी केली तेव्हा ती माणसांसाठी नव्हतीच, कुठल्या धंद्यात पैसा घालायचा आणि कुठल्यातून काढून घ्यायचा हे ठरवायला होती, माणसं त्यात नंतर कोंबली गेली. तर मी चार महिने खपून छप्पन्न सुपरवायझर आणि फोरमन त्या खान्यांत बसवले. शेठना तक्ता आवडला, इतका आवडला की त्यांनी स्क्रीनचा फोटो काढून प्रोडक्शनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'गुड वर्क बेन'. मी घरी पोचेपर्यंत सगळ्या शॉप फ्लोअरला कळलं होतं कोण कुठल्या खान्यात ते.

डाव्या खालच्या, म्हणजे सगळ्यात कमी दर्जाच्या, खान्यात एक फोरमनकाका होते. वय चोपन्न, आयटीआय झालेले, कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत म्हणून मीच त्यांना कुवतीत सगळ्यात कमी दिलं होतं. आणि गिअरबॉक्सच्या आवाजावरून बेअरिंग अजून किती दिवस काढेल हे सांगणारा त्या प्लान्टमधला तो एकटा माणूस होता, हे मला चार महिन्यांत कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काकांनी राजीनामा दिला नाही, भांडले नाहीत, फक्त सांगायचं बंद केलं. सहा आठवड्यांनी लाइन दोन दिवस बंद पडली. मी माफी मागायला गेले तेव्हा लंच टाइम होता, डब्यावर वर्तमानपत्र पसरून बसले होते, रोटलो मोडता मोडता वर न बघता म्हणाले, "बेन, तमे मने पूछ्युं ज नहोतुं." तुम्ही मला विचारलंच नव्हतं.

तर माझं ऐकलं होतं गं. तेच तर झालं.

एडगर शाइन म्हणून अमेरिकेतले ओडीचे एक मोठे अभ्यासक होते, २०२३ मध्ये गेले. ते सल्लागाराचे तीन प्रकार सांगायचे. एक, ज्याच्याकडून तयार माहिती विकत घेतात तो तज्ज्ञ. दुसरा डॉक्टर, तपासतो आणि औषध लिहून देतो. आणि तिसरा, जो लोकांना त्यांचं काय चाललंय हे त्यांचं त्यांना दिसेल असं बघतो, उत्तर त्यांनीच काढायचं. आपल्याकडच्या शेठलोकांना बहुधा डॉक्टर हवा असतो, तोही मुलाला तपासेल आणि बापाला तपासणार नाही असा. तू आत्तापर्यंत केलंयस ते पहिल्या दोन प्रकारांतलं, आणि चांगलं केलंयस, त्यात मला शंका नाही. पण ओडी तिसऱ्या खोलीत आहे, आणि तिथे 'माझा प्लॅन मान्य का नाही केला' या रागाला बसायला खुर्चीच नाही.

आता एक प्रश्न विचारते, राग मानू नकोस. प्लॅन करायला घेतलास तेव्हा शेठना विचारलं होतंस का की घरातलं कोण कोण कंपनीत येणार आहे? नसावं, कारण तुझ्या पत्रात पुतण्या एकदम आकाशातून पडल्यासारखा येतो. तू लिहिलंयस की शेठ नेहमी म्हणतात, "अमारे त्यां तो बधुं फॅमिली जेवुं छे", आमच्याकडे तर सगळं फॅमिलीसारखंच आहे, आणि तुला तो बहाणा वाटतो. मला ती माहिती वाटते. जेवुं कसलं, फॅमिलीच आहे! वडिलांनी जागा घेतली, भावाने पहिली लेथ आणली, पुतण्या दहावीपासून ऐकतोय की तुला इथेच यायचंय. अशा घरात सक्सेशनच्या दोन याद्या असतात, घरातल्यांसाठी राखलेल्या खुर्च्यांची एक आणि बाकीच्यांची एक. पहिली यादी कुठेच लिहिलेली नसते, सगळ्यांना माहीत असते, आणि ती शेठच्या हाताने कागदावर उतरवून घेणं हे खरं पहिलं काम. माझ्या अनुभवात ते कागदावर लिहिताना शेठ स्वतःच दोन-तीन नावांवर अडकतात. तिथे आपण गप्प बसायचं असतं. फार अवघड असतं गप्प बसणं, फी गप्प बसण्याचीच मिळते असं मी म्हणायची.

आणि तो पुतण्या. तीन महिने झाले त्याला प्लान्ट हेड होऊन, तुझ्याच पत्रात आहे की तो मीटिंगमध्ये बोलत नाही आणि संध्याकाळी लवकर जातो. तू लिहिलंयस 'इंटरेस्ट नाही'. मला तर तो घाबरलेला वाटतो. त्याच्या हाताखाली वीस-वीस वर्षांची माणसं आहेत, त्यातल्या एकाची खुर्ची त्याने घेतलीय हे त्यालाही कळतंय. त्याच्याशी जाऊन बोल. तुझा पहिला ओडी क्लायंट अठरा पायऱ्या वर बसलाय आणि तू पुण्याच्या गाड्या बघतेयस.

टॅलेंट आणि ओडी या दोन शब्दांतला फरक तुझ्या पत्रात जरा सरमिसळ झालाय, आणि बऱ्याच लोकांचा होतो. मी बडोद्याचंच एक उदाहरण द्यायचे, जपून द्यायचे, कारण ते हलकं नाही. सयाजीरावांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना स्कॉलरशिप देऊन अमेरिकेतल्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत पाठवलं. माणूस ओळखणं, त्याच्यावर खर्च करणं, परत आल्यावर जबाबदारीची जागा देणं, टॅलेंट मॅनेजमेंट म्हणून तुझ्या पीपीटीत जे जे असतं ते सगळं त्यात होतं. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तर या गावात त्यांना राहायला घर मिळालं नाही, ऑफिसात शिपाई फायली हातात न देता टेबलावर टाकायचे, पारशी धर्मशाळेतून माणसं काठ्या घेऊन आली आणि बाहेर काढलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून मग ते मुंबईला परत गेले. निवड चुकली होती का? नाही. राजाची इच्छा कमी होती का? तीही नाही. ज्या व्यवस्थेत तो माणूस आणून बसवला त्या व्यवस्थेला कुणी हात लावला नव्हता. माणूस आणणं एक काम, आणि तो जिथे येणार आहे ती जागा, तिथली माणसं, त्यांच्या रोजच्या सवयी बदलणं हे दुसरं, आणि दुसरं शंभरपट अवघड. तुला यातलं नक्की कुठलं करायचंय ते ठरव, कारण पहिल्याला गिऱ्हाईक पटकन मिळतं आणि दुसऱ्याला धीर लागतो.

आता 'बडोद्यात ओडी कोणाला हवंय'. हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतेय. अगं, या विद्येचा एक जुना नामांकित प्रयोग आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर झालाय. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. नवे ऑटोमॅटिक लूम बसवले होते, तरी उत्पादन वाढत नव्हतं. बघितलं तर प्रत्येकाकडे कामाचा एक तुकडा, कुणी फक्त धागा जोडणार, कुणी फक्त तेल घालणार, अख्ख्या कापडाची जबाबदारी कुणाचीच नाही. काही लूम मिळून एक छोटा गट, असं सुचवलं, आणि गट कसे पाडायचे ते विणकरांनी आपसात ठरवलं. माल वाढला, खराब कापड कमी झालं. आणि १९७५ च्या सुमारास आयआयएम अहमदाबादच्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी एल अँड टीसाठी एचआरडीची, म्हणजे ह्युमन रिसोर्स डेव्हलपमेंटची, वेगळी व्यवस्था मांडली, आपल्या देशात त्या शब्दाला जी प्रतिष्ठा आली त्यात त्या कामाचा मोठा वाटा. तेव्हा गुजरातमध्ये याची हवा नाही असं म्हणू नकोस.

हवं असतं गं, फक्त त्याला ओडी म्हणत नाहीत. मकरपुरा, सावली, हालोल, पादरा, कुठेही जा, शेठ असं म्हणणार नाही की माझ्या संस्थेची विकासप्रक्रिया अडली आहे. तो म्हणतो, माणसं टिकत नाहीत, प्रोडक्शन आणि क्वालिटी एकमेकांशी बोलत नाहीत, मुलगा अमेरिकेहून आलाय आणि जुन्या लोकांशी पटत नाही. ही तिन्ही वाक्यं तुझं काम आहे. इथे तुझ्याकडे जे आहे ते पुण्याहून येणाऱ्याकडे नसतं, शॉप फ्लोअरवर अस्खलित गुजराती, वरच्या ऑफिसात हिंदी-इंग्लिश, आणि दांडिया बाजारात, आपल्या जुन्या मराठी वस्तीत, निम्म्या गावाचं कोण कुणाचं हे पाठ. तिसऱ्याचा दुरुपयोग करू नकोस मात्र. ज्या दिवशी एका कंपनीतली गोष्ट दुसऱ्या कंपनीत तुझ्या तोंडून निघाली त्या दिवशी या गावात तुझं दुकान बंद, एवढं छोटं आहे ते.

सर्टिफिकेशनचं एका दमात सांगते, घेऊ नकोस, निदान आत्ता नको. अडीच लाखांत तुला शब्द मिळतील, आणि शब्द तुझ्याकडे आहेत. खरंच शिकायचं असेल तर इंडियन सोसायटी फॉर अप्लाइड बिहेवियरल सायन्सच्या निवासी लॅब असतात, दहा-बारा अनोळखी माणसं गोल करून बसतात, अजेंडा नाही, पीपीटी नाही, आणि आपण गटात कसे वागतो ते इतरांकडून ऐकायला मिळतं. मला तिथे कळलं होतं की शांतता झाली की मी लगेच बोलून ती भरते. त्याच्यापुढे कुठलंही बॅज फिकं. आणि पर्सनॅलिटी टेस्ट विकायच्या धंद्यात शिरलीस तरी भरतीसाठी एमबीटीआय वापरू नकोस, ती काढणारी कंपनीच सांगते की माणूस निवडायला ती नाही, तरी आपल्याकडे इंटरव्ह्यूला त्या टेस्टच्या निकालाची चार अक्षरं विचारतात.

पुण्याची ऑफर मला वाईट वाटत नाही, पण दोन गोष्टी विचारून घे. रूममध्ये कोण असणार, तू की ते? म्हणजे क्लायंटशी पहिली भेट, अडचण समजून घेणं यात तू असणार, की त्यांनी ठरवलेली दोन दिवसांची ट्रेनिंग तू फक्त घेऊन परत रात्रीच्या गाडीत? दुसरं म्हणजे स्वतः मिळवलेल्या क्लायंटवर तुझा हक्क काय. पहिल्याचं उत्तर 'ट्रेनिंग' असेल तर ती कन्सल्टन्सी नाही, प्रवास आहे, आणि मुलगा नववीत आहे तुझा.

पैशाचं. सासरे म्हणतात ते अगदीच चूक नाही, फक्त त्यांच्या काळातली फर्टिलायझर कंपनीतली नोकरी आणि तुझी नोकरी एक नाही हे त्यांना शांतपणे सांग, वाद घालू नकोस. पण एक हिशेब तुझ्याही बाजूने कर. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, तुझी सव्वाचार झालीत. बेसिक पंचेचाळीस हजार लिहिलंयस, म्हणजे भागिले २६ गुणिले १५ गुणिले ५, साधारण १ लाख ३० हजार. नऊ महिन्यांसाठी हे सोडायचं म्हणजे शहाणपण नाही. तेवढ्यात घरखर्चाचे बारा महिने बाजूला काढ, सहा नव्हे, कारण काम मिळायला तीन महिने, करायला तीन आणि पैसे यायला देव जाणे.

बिलाचं आधीच नीट कर. उद्यमची, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी, नोंदणी मोफत आहे, पहिलं बिल द्यायच्या आधी करून टाक. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की समोरच्याने लेखी काहीही ठरवलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, लेखी काहीच नसेल तर १५ दिवसांत, आणि २०२४ पासून तर वेळेत न दिलेला खर्च त्यांना त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, हे त्यांच्या अकाउंटन्टला माहीत असतं, शेठना नसतं, म्हणून मैत्री अकाउंटन्टशी ठेव. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर लागत नाही, पुण्याला बिल दिलं तरी, तरीपण एकदा सीएला विचार. दहा टक्के टीडीएस कापून येईल तो खर्चात धरू नकोस. आणि तीस टक्के अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय डायरी उघडायची नाही, मी हे पंधरा वर्षांनी शिकले, तू पहिल्या दिवशी शीक.

सोडताना सध्याच्या कंपनीची एकही फाइल, एकही पगाराचा तक्ता सोबत नेऊ नकोस. नोकरी सुटल्यावर त्याच लाइनमध्ये काम करायचं नाही असं कलम कागदात असलं तरी ते आपल्याकडे सहसा टिकत नाही, पण गुप्ततेचं टिकतं.

मग हे नऊ महिने काय करायचं? तुमच्याकडे शिफ्ट पावणेतीनला बदलते असं लिहिलंयस. या आठवड्यात तीन दिवस तिथे जाऊन उभी राहा, एचआरची वही न घेता. जाणारा येणाऱ्याला काय सांगतो, रजिस्टरमध्ये काय लिहितो आणि काय लिहीत नाही, कोण कुणाशी बोलतच नाही, बस्स एवढं बघ. मत देऊ नकोस, सुधारणा सुचवू नकोस, कुणी विचारलं काय करताय तर सांग शिकतेय. चौथ्या दिवशी पुतण्याला सोबत ने आणि त्याला विचार, तुला काय दिसलं? त्याचं उत्तर मला लिहून पाठव, तुझं मत नको, त्याचं जसंच्या तसं, गुजरातीत असलं तरी.